थेंबातील प्रयोगशाळा कोणाची?

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात अपरात्री एक बाळंतीण आणली जाते. थंडी वाजून ताप भरलेला, नाडी जलद, रक्तदाब उतरलेला. रक्तात जंतुसंसर्ग पसरला असावा हे वैद्यकीय अधिकाऱ्याला पाहताक्षणी कळते. हे जंतू कोणते आणि कपाटातील चार-पाच प्रतिजैविकांपैकी ते कोणत्या औषधाला दाद देतील, हे मात्र त्याला कळत नाही. रक्ताचा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला, तो वेळेवर पोचला आणि तेथे तपासणारे माणूस जागेवर असले, तरी जंतू वाढून ओळखू येण्यास एक-दोन दिवस लागतात. ते कोणत्या औषधाने मरतात हे समजण्यास आणखी एक दिवस जातो. आजार तोवर थांबत नाही. डॉक्टर अनुभवाच्या आधारे हाताशी असलेले सर्वांत जालीम औषध सुरू करतो. अंदाज बरोबर ठरला तर बाई वाचते. चुकला तर तपासणीचा अहवाल येतो तेव्हा तो वाचून उपयोग होण्याची वेळ टळलेली असते.

या प्रसंगात डॉक्टरला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. जी माहिती वेळेत मिळण्याची सोय समाजाने केलेली नाही, तिच्या अभावी तो अंधारात चाचपडत आहे. त्याच्यासारखे लक्षावधी डॉक्टर रोज असेच चाचपडतात, आणि प्रत्येक चुकीच्या वा अनावश्यक मात्रेगणिक औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची निवड होत जाते. म्हणून औषध-प्रतिरोधाचा प्रश्न माहितीचा प्रश्न आहे, आणि माहिती कोणाला, केव्हा व काय किमतीला मिळते हा शेवटी अर्थकारणाचा व सत्तेचा प्रश्न आहे.

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधील आपल्या नोबेल व्याख्यानातच इशारा देऊन ठेवला होता की, अपुऱ्या मात्रेत औषध वापरले तर जंतू त्याला सरावतील. ऐंशी वर्षांत तो इशारा खरा ठरला. २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात प्रतिरोधी जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंची संख्या सुमारे १२ लाख ७० हजार होती, आणि ज्या मृत्यूंशी या प्रतिरोधाचा संबंध होता त्यांची संख्या सुमारे ४९ लाख ५० हजार. भारतातील चित्र याहून निराळे नाही. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात अर्भकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तेथे सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जातीच्या जंतूंपैकी ८२ टक्के एकाहून अधिक प्रकारच्या औषधांना दाद देत नव्हते. ज्या अर्भकांनी आयुष्यात एकही औषध घेतलेले नाही त्यांना आधीच्या पिढीने वापरून बोथट केलेली औषधे वारसा म्हणून मिळत आहेत.

अस्मितेचा वाद आणि गटाराचे पाणी

एका प्रतिरोधी विकराला दिलेल्या 'न्यू दिल्ली' या नावावरून २०१० साली देशात मोठा गहजब झाला. राजधानीची बदनामी झाली, परदेशी रुग्णांचा ओघ आटवण्याचा हा डाव आहे, अशी टीका झाली. एखाद्या शहराचे नाव रोगाला चिकटवणे योग्य नव्हे, हा आक्षेप रास्त होता. परंतु पुढच्याच वर्षी दिल्लीतील साचलेल्या सांडपाण्याचे १७१ आणि पिण्याच्या पाण्याचे ५० नमुने तपासले गेले, आणि त्या विकराचे जनुक सांडपाण्याच्या ५१ व पिण्याच्या पाण्याच्या २ नमुन्यांत आढळले. नावावरून जेवढा संताप झाला, त्याचा दशांशही नळाच्या पाण्यावरून झाला नाही. अस्मितेला स्वर असतो, झोपडपट्टीतील नळाला तो नसतो.

हैदराबादजवळच्या पटानचेरू औद्योगिक वसाहतीचे उदाहरण याहून बोलके आहे. सुमारे ९० औषध-उत्पादकांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या तेथील संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले. जंतूंना प्रतिरोधाचे शिक्षण देणारी याहून मोठी शाळा कोणती असू शकेल? जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून ती मर्यादा वगळली गेली. नफा कारखान्याच्या ताळेबंदात राहिला आणि खर्च जंतूंच्या रूपाने समाजाच्या अंगावर टाकला गेला. अर्थशास्त्र याला बाह्यपरिणाम असे सौम्य नाव देते. साध्या भाषेत ती दुसऱ्याच्या आरोग्याची चोरी आहे.

एका थेंबात एक जंतू

या पार्श्वभूमीवर प्रयोगशाळांतून आलेल्या एका नव्या तंत्राची दखल पुरोगामी चळवळीने घेणे अगत्याचे आहे. त्याला 'ड्रॉपलेट मायक्रोफ्लुइडिक्स' म्हणतात. नाव अवघड असले तरी तत्त्व सोपे आहे. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पारदर्शक सिलिकॉन-रबराच्या एका लहानशा चकतीत केसाइतक्या बारीक नळ्या कोरलेल्या असतात. एका नळीतून रुग्णाचा नमुना, जंतूंचे खाद्य, तपासावयाचे औषध आणि एक रंगद्रव्य असे पाणी येते. दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून विशिष्ट तेल येते. नळ्या मिळतात त्या चौकात तेलाचा प्रवाह पाण्याच्या धारेला चिमटा घेतो आणि तिचे एकसारख्या आकाराचे थेंब होतात, सेकंदाला शेकड्यांनी किंवा हजारांनी. तेलात साबणासारखा एक पदार्थ मिसळलेला असल्याने हे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येक थेंब ही एक स्वतंत्र परीक्षानळीच होते. तिचे आकारमान मात्र एक नॅनोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा दहा लाखावा भाग, किंवा त्याहूनही कमी असते.

याचा उपयोग काय, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. मूत्रमार्गाच्या संसर्गात मिलिलिटरमागे सुमारे एक लाख जंतू असणे ही रूढ सीमारेषा मानली जाते. अशा नमुन्याचे एकेक नॅनोलिटरचे थेंब केले तर सरासरीने दहा थेंबांत एक जंतू येतो. संभाव्यतेच्या नियमानुसार शंभरांतील सुमारे ९० थेंब रिकामे राहतात, ९ थेंबांत एकेकच जंतू असतो आणि हजारात जेमतेम पाच थेंबांत एकाहून अधिक. आता एका थेंबात कोंडलेल्या त्या एकट्या जंतूकडे पाहावे. त्याच्या दृष्टीने त्याचे जग एवढे लहान झाले आहे की, तेथील घनता मिलिलिटरमागे दहा लाख जंतूंइतकी भरते. नेहमीच्या बाटलीत अशी घनता येण्यासाठी जंतूंच्या पिढ्यामागून पिढ्या व्हाव्या लागतात. थेंबात ती आरंभीच असते, कारण जंतूच्या श्वसनातून निर्माण होणारी द्रव्ये पसरून विरळ होत नाहीत. रंगद्रव्याचा निळेपणा जाऊन ते गुलाबी होते, चमकू लागते, आणि यंत्राला कळते की येथे जीव आहे. औषध असलेल्या थेंबांतही ही चमक दिसली तर जंतू प्रतिरोधी. थेंब निळेच राहिले तर औषध लागू. दिवसांचे काम काही तासांवर येते.

तेल-पाण्याच्या प्रवाहांतून असे थेंब पाडण्याची रीत कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील थॉर्सेन, क्वेक आदींनी २००१ साली दाखवली. २००८ साली शिकागो विद्यापीठात रुस्तम इस्मागिलोव्ह यांच्या गटाने तिचा उपयोग करून मेथिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जंतू वेगळे ओळखून दाखवले, आणि तेही मानवी रक्तद्रवात मिसळलेल्या नमुन्यांतून. पुढे वॉर्सातील भौतिक रसायन संस्थेत गार्स्टेकी यांच्या गटाने आणि इतर अनेकांनी या रीतीचा विस्तार केला. तिच्यामुळे आणखी एक गोष्ट उजेडात आली. एकाच कुळातील जंतूंमध्येही सर्व जंतू सारखे नसतात. बहुसंख्य औषधाने मरतात, पण काही थोडे तग धरून राहतात. नेहमीच्या तपासणीत हे अल्पसंख्य गर्दीत झाकले जातात. थेंबात एकेक जंतू सुटा तपासला जात असल्याने ते उघडे पडतात.

तथापि विज्ञानाचा आदर करणे म्हणजे त्याची जाहिरात करणे नव्हे. या तंत्राच्या अडचणी खऱ्या आहेत. प्रौढ रुग्णाच्या रक्तातील संसर्गात मिलिलिटरमागे कित्येकदा दहाहूनही कमी जिवंत जंतू असतात. एका मिलिलिटर रक्ताचे नॅनोलिटरचे थेंब दहा लाख होतात. सेकंदाला हजार या गतीने ते पाडण्यासच सतरा मिनिटे लागतात, आणि त्या दहा लाखांतून चार-पाच चमकणारे थेंब शोधावे लागतात. रक्तपेशी, कफातील चिकटपणा, नळ्यांत अडकणारा गाळ यांमुळे प्रयोगशाळेत चोख चालणारी चकती रुग्णालयात अडखळते. पंप, विशिष्ट तेल, प्रकाश टिपणारी यंत्रणा हे सारे आले. म्हणूनच पहिल्या प्रयोगांना पंधराहून अधिक वर्षे लोटली तरी हे तंत्र तालुक्याच्या रुग्णालयात पोचलेले नाही.

पण अशी जलद तपासणी शक्यच नाही, असे आता कोणी म्हणू शकत नाही. प्रतिजैविकांचा वापर आटोक्यात आणणाऱ्या जलद चाचणीसाठी ब्रिटनने २०१४ साली जाहीर केलेला 'लाँजिट्यूड' पुरस्कार, ८० लाख पौंडांचा, जून २०२४ मध्ये एका यंत्राला मिळाला. ते थेंबांचे नव्हे, त्याच्या जवळच्या नात्यातले आहे: अतिसूक्ष्म नळ्यांत जंतूंना अडकवून त्यांची वाढ पाहणारे. मूत्रमार्गाच्या संसर्गात कोणते औषध लागू पडेल हे ते पाऊण तासात सांगते. मूळ स्वीडनच्या उप्साला येथील हे यंत्र आज एका जपानी कंपनीच्या छत्राखाली आहे. ही तपासणी होऊ शकते, एवढे आता विज्ञानाने दाखवून दिले आहे. ती कोणाच्या हाती जाईल हे विज्ञान ठरवत नाही.

शोध सार्वजनिक, मालकी खाजगी

थेंबांच्या तंत्राचा आतापर्यंतचा आर्थिक इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. इस्मागिलोव्ह यांच्या प्रयोगशाळेला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे, म्हणजे करदात्यांच्या पैशाचे, अनुदान मिळत होते. त्यांच्या थेंबविषयक शोधांची पेटंटे शिकागो विद्यापीठाच्या नावे झाली, त्यांचा अनन्य परवाना एका कंपनीकडे गेला, आणि २०१७ साली ती कंपनी बायो-रॅड या बड्या कंपनीने विकत घेतली. पुढे याच पेटंटांच्या आधारे एका प्रतिस्पर्धी कंपनीविरुद्ध खटला चालला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील ज्यूरीने सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. वाद जंतूंच्या तपासणीचा नव्हता, पेशींच्या जनुकीय विश्लेषणाच्या यंत्रांचा होता. परंतु पेटंटाचे कुंपण थेंबाभोवती घातलेले असले की त्या थेंबात काय भरले आहे हे कुंपण पाहत नाही. २०२१ साली दोन्ही कंपन्यांनी एकमेकींना परवाने देऊन तडजोड केली. दोन धनिकांनी बांधावरचे भांडण मिटवले, शेत मात्र दोघांतच राहिले.

यात कोणा संशोधकाला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. व्यवस्थाच अशी आहे की जोखीम समाजाने घ्यावी आणि फळ खाजगी मालकीत जावे. क्षयरोगाच्या तपासणीत हे जगाने अनुभवले आहे. जीनएक्स्पर्ट या यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. क्षयाचे जंतू आणि रिफाम्पिसिनला असलेला त्यांचा प्रतिरोध ते सुमारे दोन तासांत ओळखते. हजारो रुग्णांचे प्राण त्याने वाचवले हे निर्विवाद. पण त्याची एकदाच वापरता येणारी कुपी गरीब देशांना २०१२ पासून ९.९८ डॉलरना मिळत राहिली. तिचा उत्पादनखर्च ३ ते ४.६० डॉलरच्या दरम्यान असावा, असा अंदाज सीमाविरहित डॉक्टर्स या संघटनेने २०१९ साली मांडला. अनेक देशांतील रुग्णसंघटनांनी वर्षानुवर्षे आवाज उठवल्यावर २०२३ साली किंमत ७.९७ डॉलरवर आली. हा आवाज उठला नसता तर बाजाराच्या अदृश्य हाताने ती उतरवली असती काय?

याउलट अनुभवही आपल्याच भूमीत आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र बंगळूरच्या बिगटेक प्रयोगशाळेच्या संशोधनातून साकारले. बॅटरीवर चालणारे, धूळ व उकाडा सोसणारे, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येईल असे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याची पारख केली, सरकारी क्षयरोग कार्यक्रमाने ते मोठ्या प्रमाणावर घेतले, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यावर शिक्कामोर्तब केले. ही कंपनी खाजगी आहे, हे नजरेआड करू नये. परंतु सरकारी परीक्षण आणि सरकारी खरेदीचा आधार नसता तर हे यंत्र आरोग्य केंद्रापर्यंत पोचणे अवघड होते. इथल्या गरजांपासून आरंभ केला की यंत्राचे रूपच बदलते, हा यातील धडा आहे.

बाजार येथे का हरतो

जलद तपासणी बाजारावर सोपवता येत नाही, याचे कारण सद्भावनेचा अभाव एवढेच नाही. हिशेबच तसा आहे. नेहमीच्या वापरातील प्रतिजैविकांचा एक क्रम जंतू वाढवून केलेल्या तपासणीपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. मग रोजंदारीवर जगणाऱ्या रुग्णाने आधी तपासणीला पैसे का द्यावेत? त्याच्यापुरते पाहता, अंदाजाने औषध घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. मात्र तपासणीचा लाभ त्याच्यापुरता मर्यादित नसतो. अनावश्यक औषध टळले की त्याच्या शेजाऱ्याला, पुढच्या वर्षी जन्मणाऱ्या बाळाला, शस्त्रक्रियेसाठी दाखल होणाऱ्या अनोळखी माणसालाही लाभ होतो. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि किंमत एकट्याला, ती वस्तू बाजारात नेहमीच गरजेपेक्षा कमी विकली जाते. म्हणून ती मोफत असणे हा आर्थिक विवेक आहे. तिला उपकार मानण्याचे कारण नाही.

नव्या औषधांच्या बाबतीतही बाजाराचे हेच झाले आहे. अमेरिकेतील ॲकाओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कारण उघड आहे. चांगले नवे प्रतिजैविक जपून, शक्य तितके कमी वापरावे हे समाजाचे हित. ते शक्य तितके अधिक खपावे हे भांडवलाचे हित. हे दोन्ही एकाच वेळी साधणे अशक्य आहे. जुनी औषधे टिकवणे हाच मग स्वस्त मार्ग उरतो, आणि ती टिकवायची तर कोणाला कोणते औषध द्यावयाचे हे वेळेत कळणे भाग आहे.

थेंबांच्या तंत्राची रचना सार्वजनिक व्यवस्थेला विशेष सोयीची आहे, हेही ध्यानात घ्यावे. त्यात लागणारे औषध, खाद्य, रंगद्रव्य यांचे प्रमाण अत्यल्प. साचा एकदा तयार झाला की त्यावरून चकत्या ओतता येतात. म्हणजे आरंभीचा खर्च मोठा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीचा सीमांत खर्च लहान. अशा वस्तूची किंमत मोठ्या, खात्रीच्या मागणीने उतरते, आणि एवढी मोठी मागणी फक्त सरकारच उभी करू शकते. विखुरलेल्या रुग्णांच्या खिशावर हे तंत्र सोडले तर ते शहरातील पंचतारांकित रुग्णालयांच्या 'पॅकेज'मध्ये जाऊन बसेल, आणि ग्रामीण बाळंतिणीचा डॉक्टर पूर्ववत अंधारातच राहील.

पिंपरीची आठवण

सार्वजनिक क्षेत्राला असली कामे जमत नाहीत, असे म्हणण्याची आज रीत आहे. महाराष्ट्राला तरी हे म्हणण्याचा अधिकार नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले मेजर जनरल साहिबसिंग सोखी हे राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष होते, आणि देशाने स्वतःची औषधे स्वतः करावीत याचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. १९५४ साली पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याने पेनिसिलिन बनवले, स्ट्रेप्टोमायसिन बनवले. एवढेच नव्हे तर त्याच्या संशोधन विभागात हमायसिन या बुरशीनाशक औषधाचा शोध लागला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरील पेटंट नाकारून केवळ प्रक्रियेवरील पेटंट मान्य केले, आणि १९७५ च्या हाथी समितीने सार्वजनिक क्षेत्राला औषधनिर्मितीत अग्रस्थान देण्याची शिफारस केली. त्या वातावरणात भारतीय औषध उद्योग उभा राहिला आणि जगातील गरिबांना स्वस्त औषधे देऊ लागला.

पुढचा इतिहास दुःखद आहे. पिंपरीचा कारखाना आजारी पडला. २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा आणि नंतर कारखान्याची विक्री करण्याचा निर्णय घेतला. ज्या आवारात देशाने पेनिसिलिन स्वतः बनवायला शिकले, त्याचे मूल्य भूखंडाच्या दराने मोजले जाऊ लागले. यात सरकारी व्यवस्थापनाचे दोष नव्हते असे नाही. दिरंगाई, राजकीय हस्तक्षेप, नव्या तंत्रात गुंतवणूक न करणे ही पापे पदरात आहेत, आणि समाजवाद्यांनी ती झाकू नयेत. पण आजारी माणसावर उपचार करायचे असतात; त्याचे घर विकून मोकळे होणे याला उपचार म्हणत नाहीत.

आधी पाणी की आधी यंत्र

पुरोगामी वर्तुळातूनच एक गंभीर आक्षेप येईल, आणि त्याचा आदराने विचार झाला पाहिजे. ज्या देशात शुद्ध पाणी व सांडपाण्याची सोय सर्वांना नाही, तेथे नॅनोलिटरच्या गप्पा कशाला? स्वच्छ पाणी, शौचालय, लसीकरण यांनी संसर्गच टळतो, आणि टळलेल्या संसर्गाला कोणतेही औषध लागत नाही. हा युक्तिवाद शंभर टक्के खरा आहे. प्रतिरोधावरचा पहिला उपाय गटार बांधणे हाच आहे.

परंतु या युक्तिवादाचा उपयोग कोण करतो हेही पाहावे. 'आधी मूलभूत गोष्टी' असे म्हणत गरिबांना नव्या विज्ञानापासून दूर ठेवायचे आणि त्या मूलभूत गोष्टीही द्यायच्या नाहीत, हा खेळ जुना आहे. गटार होईपर्यंतच्या काळात जी बाळंतीण तापाने फणफणत आहे तिला काय सांगावयाचे? शिवाय हे तंत्र पाण्याच्या लढ्याचेही साधन होऊ शकते. थेंबात एकेक जनुक मोजण्याची रीत सांडपाण्याला लावता येते. कारखान्याच्या नळातून, रुग्णालयाच्या गटारातून, कोंबड्यांच्या शेडमधून किती प्रतिरोध बाहेर पडतो हे मोजता आले की प्रदूषण करणारा लपू शकत नाही. २०१९ साली सरकारने पशुपालनात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. ती पाळली जाते की नाही, हे मोजल्याशिवाय कसे कळणार?

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: यंत्र आले तरी ते चालवणार कोण? येथे खरे दुखणे आहे. तंत्रज्ञांची पदे रिक्त ठेवायची, भरली तर कंत्राटी भरायची, रसायने संपली की महिनोन्महिने मागणीपत्रे फिरवायची, आणि मग यंत्र धूळ खाते म्हणून खाजगी प्रयोगशाळेला काम द्यायचे, अशा रीतीने सरकारी आरोग्यसेवा पोखरली जाते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रुग्णांच्या खिशातून झाला, आणि सरकारचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. वचन आणि वस्तुस्थिती यांच्यातील या दरीत सर्वांत आधी प्रयोगशाळाच कोसळतात, कारण त्यांचे उद्घाटन होत नाही आणि त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत.

मागणी काय असावी

प्रतिरोधाविरुद्धचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ साली आला; केरळने २०१८ साली स्वतःचा आराखडा करून राज्यही पुढाकार घेऊ शकते हे दाखवले. महाराष्ट्राने आता केवळ भित्तिपत्रकांवर न थांबता काही ठोस गोष्टी करायला हव्यात. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात जंतू वाढवून तपासण्याची साधी, जुनी सोय आणि ती चालवणारा कायम नोकरीतील प्रशिक्षित तंत्रज्ञ ही पहिली पायरी. ती नसेल तर वरची पायरी हवेत तरंगेल. दुसरे, सार्वजनिक पैशावर झालेल्या निदानविषयक संशोधनाचा अनन्य परवाना कोणा एका कंपनीला देऊ नये. जो वाजवी दराने उत्पादन करील त्याला परवाना मिळावा, आणि खर्चाचा हिशेब खुला असावा. तिसरे, राज्याने अशा तपासण्यांच्या दीर्घ मुदतीच्या खरेदीची हमी द्यावी, म्हणजे आपल्या विद्यापीठांतील व तंत्रशास्त्र संस्थांतील तरुण संशोधकांना ग्रामीण रुग्णालय हेच लक्ष्य ठेवता येईल. चौथे, तपासणीतून जमणारी माहिती, कोणत्या जिल्ह्यात कोणते औषध निरुपयोगी झाले आहे ही माहिती, रुग्णांची नावे गुप्त ठेवून जनतेसमोर नियमित मांडली जावी. आणि पाचवे, २०२१ साली वगळलेली सांडपाण्यावरील मर्यादा पुन्हा आणावी.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. पण त्यांतील प्रत्येक मागणी कोणाच्या ना कोणाच्या नफ्याला धक्का लावते, आणि म्हणून त्या आपोआप मान्य होणार नाहीत. कामगार संघटना, आरोग्य चळवळ, आशा कार्यकर्त्या, विज्ञान शिक्षक यांनी त्या आपल्या मानल्या पाहिजेत. क्षयाच्या कुपीची किंमत खाली आली तीही संघटित माणसांच्या रेट्यानेच.

पेनिसिलिन आले तेव्हा या देशाने एक प्रश्न विचारला होता: हे औषध आपल्या हाती असेल की दुसऱ्याच्या? पिंपरी हे त्याचे उत्तर होते. ते औषध वाचवण्याची विद्या आज थेंबाच्या रूपाने समोर येत आहे, आणि प्रश्न तोच आहे. उत्तर मात्र अजून द्यावयाचे आहे. तालुक्याच्या त्या रुग्णालयात, अहवालाची वाट पाहणाऱ्या खाटेपाशी, ते उत्तर मिळायला फार उशीर झाला आहे.